पहिल्या चाव्यापर्यंतचा वेळ

थप्पड बसणार हे त्याला आधीच कळलं होतं. स्कूटरवाल्यानं गाडी स्टँडवर लावली आणि हेल्मेट काढून आरशाला अडकवलं, तेव्हाच. आरसा तोच, ज्याला त्याच्या बॅगेचा धक्का लागला होता. ओरडणारा माणूस सहसा मारत नाही हे त्याला माहीत होतं, आणि हा ओरडत नव्हता. ह्यानं एक खांदा पुढे काढला होता, मान खाली घेतली होती, ओठ आत ओढले होते. आडवा झाला, आता येणार, असं त्याच्या मनात अगदी थंडपणे उमटलं. मागे सरायला वेळ होता. हात वर करायलाही वेळ होता. तरी तो उभा राहिला, आणि थप्पड कानाखाली बसली तेव्हा सगळ्यात आधी त्याला आपला अंदाज बरोबर आल्याचं एक बारीकसं, लाजिरवाणं समाधान वाटलं. "डोळे काय घरी ठेवून आलास?" स्कूटरवाला म्हणाला. "सॉरी," तो म्हणाला. "सॉरी घाल चुलीत!" मग बसस्टॉपवरच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या हो साहेब, मास्तर दिसतोय बिचारा," आणि स्कूटरवाल्यानं खरंच जाऊ दिलं. हेल्मेट घातलं, आरसा सरळ केला, त्यात स्वतःचं तोंड बघितलं आणि गेला.

कानात बारीक शिट्टी वाजत राहिली. तो फुटपाथच्या आतल्या कडेनं चालू लागला. रस्ता रोजचाच होता, झेरॉक्सचं दुकान, चष्म्याचं दुकान, बँकेचं अर्धं उघडलेलं शटर. पण आज प्रत्येक वस्तूला धार आली होती. चष्म्याच्या दुकानाच्या काचेवर कुणाचं तरी डोकं आपटावं, काच तडकेपर्यंत आपटावं आणि तडकल्यावरही थांबू नये, असं त्याला दिसलं. त्या डोक्याला आधी स्कूटरवाल्याचे केस होते, नंतर कुणाचेच नव्हते. मग त्या शटरखाली एक मान दिसली. शटर वरून सुटलं. मग 'बिचारा' म्हणणाऱ्या माणसाचे दात, गटाराच्या जाळीवर, एकेक. त्याला शरम वाटली. असले विचार करण्याचीसुद्धा आपली लायकी नाही, असं त्याला वाटलं. घरात माशी मारायची तर वर्तमानपत्राची नीट घडी होईपर्यंत माशी उडून गेलेली असे, आणि खरं म्हणजे घडी मुद्दामच सावकाश केलेली असे. तो पुस्तकातला माणूस होता. दहावीपासून प्रत्येक शिक्षकानं त्याच्याबद्दल हेच सांगितलं होतं, काहींनी कौतुकानं, काहींनी हात टेकून. पण कानातली शिट्टी थांबेना, आणि आजचा दिवस हा असा होता. आज कमिटी येणार होती.

पीएचडीला लागून त्याला इतकी वर्षं झाली होती की लॅबमधे सगळे त्याला काका म्हणत. फेलोशिप ह्या महिन्याअखेर संपत होती. कमिटीनं काम पाहून एक वर्षाची मुदतवाढ दिली तर प्रबंध पूर्ण होणार होता. नाही दिली तर आजवरची सगळी वर्षं म्हणजे एका माणसानं उंदरांकडे बघत घालवलेला काळ, एवढाच त्यांचा अर्थ उरणार होता. घरी वडील होते. "आधी तुझे उंदीर भांडू देत, मग तुझं लग्न बघू," असं ते दाराशी येऊन रोज सकाळी म्हणत, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच मऊ हसत. इतकं मऊ, की नवख्या माणसाला वाटावं, ह्यांनी जन्मात कुणाला बोट लावलं नसेल.

उंदरांनी भांडणं हेच त्याचं काम होतं. एका मोठ्या नराला पिंजऱ्यात एकट्यानं बरेच दिवस राहू द्यायचं, त्याच्या अंगाखालचा लाकडाचा भुसा बदलायचा नाही. त्या भुशाला त्याचा स्वतःचा वास लागतो आणि पिंजरा त्याचं घर होतो. त्याला लॅबमधे घरमालक म्हणत. मग एके दिवशी त्याच्या घरात एक परका नर सोडायचा, हा पाहुणा. पाहुणा सोडल्यापासून घरमालक त्याला पहिला चावा घेईपर्यंत किती वेळ जातो, तो मोजायचा. उंदरांना तांबडा उजेड दिसत नाही, म्हणून हे सगळं लाल दिव्याखाली. काम एवढंच. पण त्यातून त्याला जे दाखवायचं होतं ते त्यानं फेलोशिपच्या अर्जात एका वाक्यात लिहिलं होतं, आणि ते वाक्य निवड समितीतल्या सगळ्यांना आवडलं होतं असं त्याच्या गाइड मॅडमनी सांगितलं होतं. ज्या पिल्लांनी आपल्या बापाला रोज पाहुण्यांना चावताना पाहिलं, ती मोठी झाल्यावर इतरांपेक्षा लवकर चावतात. कारण हिंसेची सवय जागेत नसते, जनावरात असते. प्रत्येक वाक्य पाच वेळा खोडणारा माणूस तो. हे वाक्य मात्र त्यानं एका झटक्यात लिहिलं होतं.

तो लहान असताना बाबा कामावरून आले की आधी मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीत ठेवत. रोज नाही. ज्या दिवशी घड्याळ निघे, त्या दिवशी मारणार. एकच खोली होती, मोरी तिच्यातच, खिडकी जिन्याकडे उघडणारी, म्हणजे न उघडणारी. आई स्टोव्हपाशी पाठ करून बसे. दादा उठून मधे उभा राहायचा, आणि उठता उठता त्याला म्हणायचा, "तू पुस्तक वाच रे, इकडे बघू नकोस." तो पुस्तक वाचायचा. म्हणजे अक्षरांवर डोळे ठेवायचा आणि खिडकीच्या फळीवर घड्याळ टेकल्याच्या टकपासून पहिल्या फटक्याच्या आवाजापर्यंत मनात आकडे म्हणायचा. आकडा जितका मोठा तितका मार कमी, हे त्याला फार लवकर समजलं होतं. कुणी शिकवलं नव्हतं. आणि मग पुढे कितीतरी वर्षांनी मॅडमच्या केबिनमधे "तुम्हाला नक्की काय मोजायचंय?" असा प्रश्न आला तेव्हा तो गोंधळला, घाम पुसला, आणि म्हणाला, "पहिल्या चाव्यापर्यंतचा वेळ." मॅडम म्हणाल्या, छान, सोपं आहे, करा. दादाचा डावा कान त्या खोलीतच गेला. आता तो दुसऱ्या गावी असतो आणि फोनवर इतक्या मोठ्यानं बोलतो की सगळ्यांना वाटतं माणूस मजेत आहे.

लॅबमधे शिरताना धाकटी, म्हणजे लॅबमधली सगळ्यात नवी विद्यार्थिनी, दारातच भेटली. ती गेल्या वर्षी लागली होती, पुढचं काम तीच करणार होती, त्याच पिंजऱ्यांवर. "काका, कान किती लाल झालाय तुमचा! कुणी पिळला?" "ऊन," तो म्हणाला. "एका बाजूनंच?" ती हसली आणि ट्रे घेऊन पुढे गेली. लॅब आज ओळखू येत नव्हती. टेबलं पुसलेली, वायरी गुंडाळलेल्या, बेसिनमधे एकही कप नाही. मॅडम स्वतः खुर्च्या सरळ करत होत्या. "आलात? बरं झालं. हे बघा काका, भाषण नको. तुम्ही बोलायला लागलात की 'बहुधा' आणि 'कदाचित' सोडून काही ऐकू येत नाही. सरळ प्रयोग दाखवा. फौजदारला काढा. जरा रक्त दिसू दे आज." फौजदार हा त्यांचा सगळ्यात भरवशाचा घरमालक. त्याच्या बापानं त्याच्यासमोर रोज पाहुणे फोडले होते, आणि पाहुणा भुशावर टेकायच्या आत फौजदार त्याच्या अंगावर असे.

कमिटीत तिघं होते. अध्यक्ष थोराड, आवाज मोठा, कपाळावर जुना व्रण. आकडेवारीच्या एक बाई, ज्यांनी चहाला हात लावला नाही. तिसरे कोण होते ते शेवटपर्यंत कळलं नाही; त्यांनी बिस्किटं खाल्ली. "तुमचे हे काका स्वतः कधी मारामारी करतात का हो?" अध्यक्षांनी विचारलं, आणि सगळे हसले, तोही हसला. हसताना कान दुखला. "आमचे गाइड होते ना, ते काचेचा फ्लास्क फेकून मारायचे. हे बघा." त्यांनी कपाळ पुढे केलं. "टाके पडले. पण घडलो! आता तसे गाइड राहिले नाहीत." "आता फेकलं तर पोरं तक्रार करतात सर," मॅडम म्हणाल्या, आणि पुन्हा हशा झाला. तो त्या व्रणाकडे बघत राहिला. अध्यक्ष तो बोटानं कुरवाळत होते. इथे, ह्याच ठिकाणी, पुन्हा एकदा, ह्या वेळी कप, असं त्याच्या मनात आलं, आणि समोरचा कप त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरून खाली ठेवला.

कमिटी बाहेरच्या खोलीत मॉनिटरसमोर बसली. तो आणि धाकटी आत, लाल खोलीत. मॉनिटरवर फक्त पिंजरा दिसत असे, आणि आत गेलेले हात. मोठा आवाज मात्र बाहेर जाई. भिंतीवरच्या स्पीकरमधून मॅडम म्हणाल्या, "सुरू करा." त्यानं पाहुण्याला शेपटीला धरून उचललं, फौजदारच्या पिंजऱ्यात सोडलं आणि स्टॉपवॉच दाबलं. पाहुणा लहान होता, पांढरा, ह्या उजेडात गुलाबी. धाकटी शेजारी उभी राहून नेहमीसारखं हळू आवाजात जे दिसेल ते बोलत होती. "हुंगतोय. फिरतोय. कोपऱ्यात गेला. परत हुंगतोय." फौजदारनं पाहुण्याचं तोंड हुंगलं, कूस हुंगली, आणि मग बसून तो स्वतःच्या मिशा साफ करू लागला. "अंग साफ करतोय," धाकटी म्हणाली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "पाहुण्याचं अंग साफ करतोय." स्पीकरमधून कुणाचा तरी खोकला आला. पिंजऱ्याकडे वाकल्यावर त्याला तो वास आला. खरं म्हणजे वासाचं नसणं. कोरडं, गोडसर, नुकतंच रंधा मारलेलं लाकूड.

"भुसा कुणी बदलला?" त्यानं ओठ न हलवता विचारलं.

"मी. काल. पाहुणे येणार होते ना," धाकटी कुजबुजली. "इतका वास मारत होता काका, म्हटलं लोक काय म्हणतील. सगळेच धुऊन काढले पिंजरे." मग तिला काय ते समजलं, आणि तिनं तोंडावर हात नेला.

माणसं येणार म्हणून कुणीही घर आवरतं. तिच्या जागी त्यानंही आवरलं असतं. तो पिंजऱ्याकडे बघत राहिला. फौजदारचं घर पुसलं गेलं होतं, आणि घराबरोबर फौजदारही. हा कुणी दुसराच उंदीर होता, जरा थकलेला, जरा चौकस, परक्याच्या पाठीवरचे केस दातांनी विंचरणारा. बाप तोच. बापाजवळ जे पाहिलं तेही तेच. आणि तरी तो चावत नव्हता, कारण त्याच्या नाकाला सांगणारं कुणी नव्हतं की हे तुझं आहे, आणि हा ते घेणार आहे. म्हणजे ते जनावरात नव्हतं. म्हणजे ते भुशात होतं. ती एक खोली, ती मोरी, जिन्याकडची खिडकी, स्टोव्हचा धूर, चार माणसांच्या घामाचा कपड्यांत मुरलेला वास. मग ते नव्या घरात राहायला गेले, दोन खोल्या, हवा आरपार, भिंतींना ताजा चुना, आणि त्या घरात बाबांनी घड्याळ काढून कधी खिडकीत ठेवलं नाही. एकदाही नाही. आई म्हणायची, घर मानवलं. त्याला हे आठवत होतं, नेहमीच आठवत होतं, पण त्याचा हिशेब त्यानं दुसरा लावला होता, की दादा उंच झाला, बाबा थकले. आणि ते जे काही होतं ते त्यांच्या अंगातून आपल्या अंगात आलं, म्हणून आपण माशीलासुद्धा सावकाश मारायचं, लग्न पुढे ढकलायचं, पोरांच्या जवळ फार वेळ उभं राहायचं नाही. सकाळी त्या काचेवर डोकं आपटणारे हात आपले, कारण ते बाबांचे. हे सगळं जर खरं नसेल तर? एका स्वच्छ पिंजऱ्यानं ते सगळं पुसलं जात असेल तर? लाल उजेडात उभा राहून त्याला असं वाटलं, की छातीवर इतकी वर्षं कुणीतरी बसलं होतं आणि ते आता उठतंय, उठता उठता कपडे झटकतंय. त्याला रडू येणार होतं. खोकल्यासारखा एक आवाज त्यानं केला.

"काका," स्पीकर म्हणाला, "काय चाललंय?" मागून अध्यक्षांचा आवाज ऐकू आला, "हे तर मधुचंद्राला आलेत वाटतं!" आणि हशा. तिसऱ्यांचं हसणं पहिल्यांदाच वेगळं ऐकू आलं, बारीक, बिस्किटासारखं. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सरांना दुसरीकडे जायचंय. होणारे का काही?" हा सूर तो ओळखत होता. ह्या सुरानंतर मॅडम माणसाशी बोलणं सोडून देत. बाहेर जाऊन सांगायचं होतं, की भुसा बदलला गेला, आणि त्यामुळे आज जे दिसलं ते माझ्या वाक्याच्या विरुद्ध आहे, पण वाक्यापेक्षा मोठं आहे. हे तो कसं सांगणार? बहुधा, कदाचित. त्याला स्वतःचा आवाज आधीच ऐकू आला, आणि आकडेवारीच्या बाईंचं पेन टोपणात जाताना. मुदतवाढीचं वर्ष गेलं. बाबांना सांगायचं, भांडले नाहीत. जाऊ द्या हो साहेब, मास्तर दिसतोय बिचारा. कानातली शिट्टी एकदम चढली.

"परत सोडून बघतो," तो मोठ्यानं म्हणाला.

त्यानं फौजदारला शेपटीला धरून पिंजऱ्याबाहेर काढलं आणि बाजूच्या टेबलावर आणलं, जिथे कॅमेरा पोचत नव्हता. टेबलावर खाण्याच्या गोळ्या उचलायचा लांब चिमटा होता. पहिल्यांदा त्यानं शेपटीच्या मुळाशी नुसता लावला. फौजदारनं वळून बघितलं, जरा आश्चर्यानं. मग त्यानं दाबला. काहीतरी चिवट, त्यात एक बारीक हाड, चिमट्याच्या दातांखाली ते सरकलं. फौजदार किंचाळला, बाहेरच्यांना वाटावं की पकडताना ओरडतोय. त्यानं सोडलं आणि पुन्हा दाबलं, ह्या वेळी कानाला, मग पुन्हा शेपटीला, आणि प्रत्येक वेळी किंचाळी थोडी जास्त जाड होत गेली. धाकटी त्याच्या हाताकडे बघत होती. जे दिसेल ते बोलायचं तिचं काम होतं, पण हे ती बोलली नाही. त्याच्या हातात ते छोटं अंग कंप पावत होतं, तापलं होतं, आणि त्याला कळलं की आपल्याला थांबावंसं वाटत नाही. चावून दाखव. बापाचा आहेस ना, दाखव. त्यानं फौजदारला पिंजऱ्यात टाकलं, ठेवलं नाही.

पाहुणा त्याला हुंगायला पुढे आला. चाव्याआधी घरमालक काढतो तशी कूस पुढे काढून फौजदार आडवा झाला, शेपूट भुशावर आपटलं, आणि मग दोन्ही मिळून एकच गोळा झाला. भुसा काचेवर उडाला. पाहुणा सुटला, भिंतीवर चढला, घसरला. फौजदारनं त्याला पाठीत धरलं, मग पोटात. हरलेला पाहुणा उताणा पडतो आणि पोट दाखवतो, म्हणजे मालक थांबतो. पाहुणा उताणा पडला. मालक थांबला नाही. लाल उजेडात रक्त काळं दिसत होतं, तेलासारखं, आणि स्वच्छ भुसा ते लगेच पीत होता. "वा!" स्पीकरमधून अध्यक्ष म्हणाले. नियम असा, की पहिली खोल जखम दिसली की मधे पुठ्ठा घालायचा आणि दोघांना वेगळं करायचं. पुठ्ठा धाकटीच्या हातात होता. "काका," ती म्हणाली. तो झाकणावर हात दाबून उभा होता. "काका, घालू?" पाहुण्याचा एक पाय वेगळ्याच दिशेला वळला होता. "काका, मरेल तो!" तिनं त्याचा हात झाकणावरून ओढला आणि पुठ्ठा आत घालायला वाकली. आपला खांदा पुढे आला आहे हे त्याला जाणवलं. मान खाली गेली होती, ओठ आत. थांबायला वेळ होता, पुष्कळ वेळ होता, कितीतरी आकडे म्हणता आले असते. मग हात गेला, आणि आवाज लाल खोलीत असा झाला की दोन्ही उंदीरसुद्धा क्षणभर थबकले. पुठ्ठा खाली पडला. धाकटी भिंतीला टेकली. फौजदारनं काम पुढे चालू केलं.

"आत काय पडलं?" स्पीकरमधून आकडेवारीच्या बाईंनी विचारलं.

"ट्रे असेल," मॅडमचा आवाज आला. "जागा फार लहान आहे हो सर तिकडे. तेच तर आम्ही वरती कळवतोय."

बाहेरच्या खोलीतला पांढरा उजेड त्याच्या डोळ्यांत घुसला. अध्यक्ष उभे राहून त्याचा हात हातात घेऊन हलवत होते, तोच हात, तळव्याची आग अजून गेली नव्हती. "उशिरा चावला, पण चावला तेव्हा काय चावला! तुमच्या अर्जातलं ते वाक्य डोळ्यांनी बघायला मिळालं." आकडेवारीच्या बाई मात्र बसून होत्या. "एकच शंका," त्या म्हणाल्या. "उंदीर तोच. पाहुणा तोच. मग पहिल्यांदा का नाही चावला?" त्यांनी हे अगदी साधेपणानं विचारलं होतं, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. त्या क्षणी त्या खोलीत तेवढं एक माणूस असं होतं, ज्याला उत्तर हवं होतं. भुसा बदलला होता, हे तीन शब्द त्याच्या जिभेवर आले, आणि त्यांच्यामागे नवं घर, हवा, चुना, बाबांच्या मनगटावर रात्रंदिवस राहिलेलं घड्याळ, सगळं रांगेत उभं राहिलं. "कधीकधी," तो म्हणाला, "उशीर लागतो." बाईंनी मान हलवली आणि पेनाला टोपण लावलं. मुदतवाढ मिळाली, एक वर्ष. तिसऱ्यांनी जाताना त्याच्या पाठीवर थोपटलं. त्यांच्या बोटांना बिस्किटाचा चुरा लागलेला होता. मॅडम सगळ्यात शेवटी निघाल्या. दारात थांबून, त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरीशी मी बोलते. तुम्ही काही बोलू नका. तुम्ही बोललात की वाढतं."

त्यानं घरी फोन लावला. "झालं बाबा, मिळाली." "भांडले का रे?" बाबांचा मऊ आवाज. "भांडले." "शाब्बास! कोण जिंकला?" "घरमालक," तो म्हणाला. बाबा हसले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि ठसका थांबेपर्यंत तो फोन कानाला लावून उभा राहिला.

धाकटी लाल खोलीतच होती. तिनं पाहुण्याला पिशवीत घालून फ्रीजरमधे ठेवलं होतं आणि आता ती पिंजरा पुसत होती. मग थांबली, पुसायचा नाही हे आठवून, आणि फडकं बाजूला ठेवलं. त्या उजेडात तिच्या गालावर काही दिसत नव्हतं. लालावर लाल दिसत नाही. फौजदार कोपऱ्यात बसून पंजे चाटत होता. तो दाराशी उभा राहिला. "दुखतंय?" त्यानं विचारलं.

"नाही." ती पाण्याची बाटली पिंजऱ्याला अडकवत होती. "मी कुणाला सांगणार नाही काका."

"सांग," तो म्हणाला. "सांगायलाच हवं. मी तुला मारलं."

"ते नाही हो!" ती जवळजवळ हसली. "ते काय, घरी मार न खाता का वाढलेय मी. चिमट्याचं म्हणतेय. चिमट्याचं मी नाही सांगणार."

बाहेर कुणीतरी खुर्च्या पुन्हा जागेवर ओढून नेत होतं. "भुसा बदलू नकोस," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे चिमट्याची गरज पडत नाही. आपणहून चावतो तो."

"आणि नाही चावला तर?" ती आता त्याच्याकडे वळली. "पुढच्या वर्षी माझी मुलाखत आहे फेलोशिपची. माझं सगळं तुमच्याच आकड्यांवर उभं आहे. इथे चावला, तिथे नाही चावला, असं झालं तर मला कोण देणार? तुम्ही काका, तुमचं झालं. मला घरी परत जायचं नाहीये." शेवटचं वाक्य ती इतक्या सपाट आवाजात बोलली, की ते कुठल्या खोलीतून आलं हे त्याला न विचारता कळलं. मग तिनं टेबलावरचा चिमटा उचलला, दिव्याखाली धरला, त्याचे दात बघितले. "किती जोरात दाबायचा?"

त्याला नाही म्हणता आलं असतं. चिमटा तिच्या हातातून काढून घेता आला असता, आकडेवारीच्या बाईंच्या मागे गेटपर्यंत पळत जाता आलं असतं. त्या अजून तिथे गाडीची वाट बघत असतील. त्यानं उजवा हात पुढे केला.

तिनं त्याची करंगळी पकडली, दातांमधे धरली, दाबली. "एवढा?"

"अजून," तो म्हणाला.

ती बोटाकडे बघत नव्हती. पापणी न हलवता त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिचा खांदा हळूहळू पुढे येत होता. "एवढा?"

"अजून."